‘वनस्पतीच ती; अपाय कसला?’

ज्याला रात्री झोप लागत नाही त्याच्याइतके फुकटचे सल्ले या जगात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येत नसतील. कोणाला ताप भरला तर लोक त्याला डॉक्टरकडे पाठवतात. कोणाचा पाय मुरगळला तर हाडवैद्याचा पत्ता देतात. पण ‘झोप लागत नाही हो’ एवढे शब्द तोंडातून निघायचा अवकाश, ऐकणारा प्रत्येक जण स्वतःच धन्वंतरी होतो. शेजारच्या काकू जायफळ उगाळून कोमट दुधातून घ्यायला सांगतात. कचेरीतला सहकारी टेबलाच्या खणातून अश्वगंधाच्या गोळ्यांची बाटली काढून दाखवतो. मामा टाळूवर ब्राह्मीचे तेल थापायला सांगतात, मावशी जटामांसीच्या काढ्याचा आग्रह धरते. आणि गावाकडून येणारा एखादा पाहुणा तर सर्पगंधेच्या मुळ्या पुरचुंडीत बांधूनच आणतो. हल्ली त्यांच्या जोडीला रोज सकाळी मोबाईलवर येऊन पडणारे आरोग्याचे मंत्रही आहेत. औषधे निरनिराळी, पण ती सुचवणाऱ्या सगळ्यांच्या तोंडचे शेवटचे वाक्य मात्र एकच असते : ‘घेऊन तर पाहा! वनस्पतीच ती; अपाय कसला?’

माझे भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी. जायफळाशी माझे वैर नाही. अश्वगंधेने माझे काही बिघडवलेले नाही. आयुर्वेद म्हणजे सारे थोतांड, असे नाक मुरडून सांगणाऱ्या पंथाचाही मी नव्हे. उलट माझे म्हणणे असे की, ‘वनस्पतीच ती’ असे जे म्हणतात त्यांना ना वनस्पतीची ताकद कळलेली असते, ना आयुर्वेदाची. औषधीला ते औषधी मानीतच नाहीत. तोंडी लावण्याची चटणी मानतात. आणि ज्याची झोप उडाली आहे त्याच्या दुःखालाही ते दुःख मानीत नाहीत. एक पुडी हातावर ठेवली की सुटलो, असा त्यांचा हिशेब असतो.

प्रथम ताकदीचे पाहू. जी मुळी माणसाला झोप आणू शकते ती त्याच्या मेंदूत शिरून काहीतरी उलाढाल करते, हे उघड आहे. एरवी झोप येईल कशी? मग जी मेंदूत शिरते, तिला ‘येथवरच जा, पुढे जाऊ नकोस’ असे कोणी बजावून ठेवलेले असते काय? अफू ही वनस्पतीच आहे. धोतरा वनस्पतीच आहे. भांग, कण्हेर, बचनाग, कुचला, या साऱ्या वनस्पतीच. त्यांपैकी एकीचाही जन्म कारखान्यात झालेला नाही. खुरासानी ओव्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. झोप आणणारे द्रव्य म्हणून आयुर्वेदात त्याला मान आहे आणि झोपेच्या अनेक गोळ्यांत तो पडतो. पण मात्रा चुकली तर हाच ओवा घसा कोरडा पाडतो, डोळ्यांची बुबुळे ताणतो आणि माणसाला भ्रमात बरळायला लावतो. म्हणूनच १९४० च्या औषध कायद्याखालील नियमांत ‘ई-१’ नावाची एक यादी आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांतल्या विषारी द्रव्यांची ती यादी. अफू, धोतरा, भांग यांच्या पंगतीला तेथे खुरासानी ओवाही बसलेला आहे. यांपैकी काही ज्या पोटात घ्यायच्या औषधात असेल, त्याच्या वेष्टनावर ‘सावधान, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाचा इशारा छापावा लागतो. सरकारला जे कळते ते शेजारच्या काकूंना कळू नये, असे थोडेच आहे? पण वेष्टनाची मागची बाजू वाचतो कोण!

या बाबतीत सर्पगंधेची कथा प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे. तिच्यात आपल्या अभिमानाची गोष्टही आहे आणि आपल्या डोळ्यांत घालण्याजोगे अंजनही. बिहारात ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विकली जात असे. ज्याचे डोके ठिकाणावर नाही, ज्याला झोप नाही, त्याला ती देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला : ही मुळी उन्माद शमवते, झोप आणते आणि रक्तदाबही उतरवते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतली द्रव्ये वेगळी काढायला सुरुवात केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले. पुढे आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ साली तो ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील संशोधकांनी तिच्यातून ‘रिसर्पिन’ काढले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम जाहीर केले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. ज्या मुळीला गावठी म्हणून हसत होते ती जगातल्या इस्पितळांत जाऊन बसली!

येथवर कथा सांगून टाळ्या घेणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. कथा पुढे आहे. तीच मुळी, तेच सत्त्व घेणाऱ्या काही रोग्यांचा रक्तदाब नको इतका उतरू लागला. नाक चोंदू लागले, पोटातले व्रण चाळवले. आणि काही जणांच्या मनावर अशी गडद उदासी उतरली की, डॉक्टरांना इशारे लिहावे लागले. या उदासीबद्दल पुढे तज्ज्ञांत वाद झाले. परंतु खिन्न मनाच्या रोग्याला हे औषध देऊ नये, हा इशारा मागे राहिलाच. आता विचार करा : झोप उडण्याच्या कारणांत मनाची उदासी हे एक मोठे कारण. अशा माणसाला, त्याची काहीही विचारपूस न करता, पुरचुंडीतली सर्पगंधा द्यायची आणि वर म्हणायचे, ‘वनस्पतीच ती, अपाय कसला?’ डॉ. वकिलांचे मोठेपण ते मुळीपुढे हात जोडून बसले यात नव्हते. मात्रा किती, कोणाला, किती दिवस, कोणाला काय त्रास झाला, हे त्यांनी मांडून ठेवले, यात होते. आपण त्यांचा पुरस्कार उचलला आणि त्यांची वही मात्र फेकून दिली.

येथे कोणी म्हणेल, ‘म्हणजे डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या तेवढ्या निर्मळ, असेच ना?’ मुळीच नाही! या ‘निर्धोक’ शब्दाने जगात सर्वांत भयंकर अनर्थ केला तो वनस्पतीच्या नव्हे, कारखान्यातल्या गोळीच्या बाबतीत. १९५७ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध बाजारात आले. अगदी निर्धोक म्हणून त्याची जाहिरात झाली. चिठ्ठीवाचून ते दुकानात मिळे. गर्भवती स्त्रियाही विश्वासाने घेत. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले जाईपर्यंत आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत, हात नसलेली, पाय नसलेली दहा हजारांहून अधिक बालके जगभरात जन्माला आली. अमेरिकेत हा अनर्थ मोठ्या प्रमाणावर टळला, कारण तेथल्या औषध खात्यातल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी या बाईंनी कंपनीच्या ‘निर्धोक’ शब्दावर सही करायचे नाकारले. त्या पुन्हा पुन्हा एकच विचारीत राहिल्या : पुरावा कुठे आहे? तेव्हा हा तंटा ॲलोपॅथी विरुद्ध आयुर्वेद असा नाही. तंटा आहे तो विचारणारे आणि न विचारणारे यांच्यातला.

आता थोडे आपल्या स्वयंपाकघरात येऊ. दिवाळीचे दिवस आहेत, तेथून दूर राहवत नाही. श्रीखंडात जायफळ असते म्हणून श्रीखंडपुरीच्या जेवणानंतर झोप येते, असा आपल्याकडे दृढ समज आहे. बिचारे चिमूटभर जायफळ! अर्धा शेर चक्का, त्यात तितकीच साखर, वर डझनभर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दुपारी दोनची वेळ, यांतल्या कोणाचेही नाव न घेता सारे श्रेय जायफळाला! तीच गोष्ट अनारशावरच्या खसखशीची. खसखस अफूच्याच बोंडातली. परंतु अफू असते ती बोंडाच्या चिकात, पिकलेल्या दाण्यात तिचा अंश नावापुरता. चिमटीभर जायफळाने आणि अनारशाने कोणाचे काही बिघडत नाही आणि कोणाचा निद्रानाशही बरा होत नाही. त्यांना आपण स्वादासाठी खातो, स्वादासाठीच खावे.

पण तेच जायफळ चिमटीतून निघून चमच्यात आले की प्रकरण बदलते. एका अख्ख्या जायफळाची पूड, म्हणजे पाचेक ग्रॅम, पोटात गेली तर छाती धडधडणे, घसा सुकणे, मळमळणे, भ्रम होणे असे प्रकार होऊ शकतात. ‘थोड्याने थोडी झोप, तर जास्तीने जास्त झोप’ हा हिशेब करणारे शहाणे प्रत्येक गावात असतात, म्हणून हे सांगायचे. आपल्या आज्यांना हे पक्के ठाऊक होते. बाळगुटीतले जायफळ त्या चमच्याने मोजत नसत. सहाणेवर वेढ्याने मोजत. हळकुंडाचे इतके वेढे, वेखंडाचा एक, मुरुडशेंगेचे इतके, जायफळाचा एखाददुसराच, तोही हलक्या हाताने. मूल महिन्याचे की सहा महिन्यांचे, यावर वेढे ठरत. या एका शब्दात, वेढ्यात, जेवढी सावधगिरी आहे तेवढी आजच्या रंगीत बाटलीवरच्या साऱ्या मजकुरात नाही. आजचे बालरोगतज्ज्ञ तर, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाच्या तोंडात काहीही घालू नका, असे सांगतात, त्यांचेच ऐकावे. पण ज्यांना आजीचा हवाला द्यायचा आहे त्यांनी निदान आजीचा वेढा तरी विसरू नये. सहाण गेली, वेढा गेला, नातवंडाकडे रात्रभर पाहत बसणारी आजीही गेली. उरले काय, तर ‘जायफळ दे गं त्याला, झोपेल’ एवढेच.

आणि बाळाला झोपवण्याच्या या गोष्टीला एक काळी बाजू आहे, ती मुंबईने पाहिलेली आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणीत जाणाऱ्या बाया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत. त्या काळच्या सरकारी अहवालांत याच्या नोंदी आहेत. सकाळी भोंगा व्हायच्या आत गोळी चाटवायची, की मूल दिवसभर चाळीच्या खोलीत गुंगीत पडून राही. त्या आया काय निर्दय होत्या? मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते, गिरणीत पाळणाघर नव्हते आणि खाडा केला तर रोजी बुडत होती. मुलाला झोप हवी म्हणून ती गोळी नव्हती. आईला काम हवे म्हणून होती. ही गोष्ट मी शिळ्या दुःखाला ऊत आणण्यासाठी सांगत नाही. औषध देणाऱ्याने मनाशी विचारायचा पहिला प्रश्न तिच्यात आहे : ही झोप कोणाला हवी आहे? जो घेणार त्याला, की जो देतो आहे त्याला? रात्री उठून घरभर फिरणाऱ्या वृद्ध सासऱ्यांच्या दुधात कोणी काही न सांगता पूड मिसळतो, तेव्हाही हाच प्रश्न उभा असतो.

आता अश्वगंधेकडे वळू, कारण आज बाजार तिचा आहे. तिच्या शास्त्रीय नावात ‘सोम्निफेरा’ म्हणजे झोप आणणारी असा शब्दच आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ही कीर्ती अगदीच पोकळ नाही. गेल्या काही वर्षांत तिच्यावर माणसांवर चाचण्या झाल्या, त्यांतल्या काही भारतात झाल्या. २०२१ साली अशा पाच चाचण्यांचा, मिळून ४०० माणसांचा, एकत्र हिशेब मांडला गेला. निष्कर्ष काय? झोपेवर उपयोग दिसतो. पण तो थोडा. जो थोडा आहे त्याला थोडा म्हणावे, यात तिचा अपमान नाही. पण त्याच सुमारास, २०२० साली, आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या पाच जणांना यकृताची कावीळ झाल्याचे नोंदवले. तिने थायरॉईडची संप्रेरके वाढू शकतात, म्हणजे थायरॉईडची गोळी घेणाऱ्याने विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. गर्भवतीने तर नाहीच नाही. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. ती बंदी फार झाली असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत आणि त्यांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. परंतु ‘थोडा उपयोग, क्वचित अपाय, काहींना वर्ज्य’ असे ज्या वस्तूचे वर्णन करावे लागते त्या वस्तूला मराठीत औषध म्हणतात. औषधाला औषधासारखे वागवा, एवढेच माझे मागणे.

अश्वगंधा बाटलीवर लिहिली आहे म्हणून आत तीच आहे असे तरी कोठे आहे? आपण ज्याला ब्राह्मी म्हणतो तीच घ्या. एक ब्राह्मी पाणथळीतली, बारीक जाड पानांची, जिला नीरब्राह्मी म्हणतात. दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. दोन्ही ‘ब्राह्मी’ म्हणूनच विकल्या जातात. शंखपुष्पीच्या नावावर तर निरनिराळ्या प्रांतांत चार निरनिराळ्या वनस्पती खपतात; आपल्या कुंपणावरची गोकर्णही त्यांतली एक. आणि नको ते आत नाही, याची खात्री? २००४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी ७० औषधे तपासली, तेव्हा त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला. वैद्याने समोर बसवून, नाडी पाहून दिलेली पुडी वेगळी. रेल्वे फलाटावरच्या टोपलीतून किंवा जाहिरातीला भुलून मागवलेली बाटली वेगळी. दोन्हींना आयुर्वेद म्हणणे म्हणजे टांकसाळीतल्या नाण्याला आणि खोट्या नाण्याला एकाच गल्ल्यात टाकणे होय.

जटामांसीविषयीही दोन शब्द. ही काही आपल्या परसात उगवणारी भाजी नव्हे. ती हिमालयाच्या उंच उतारांवर वाढते आणि मुळासकट उपटल्याशिवाय कामाला येत नाही. उपसा इतका झाला की, आज तिची गणना जगातल्या अत्यंत संकटात सापडलेल्या वनस्पतींत होते. आपल्या काढ्यासाठी डोंगर ओसाड होतो, हाही एक अपायच. तो फक्त आपल्या अंगावर उठत नाही, म्हणून दिसत नाही.

इतके झाल्यावर आयुर्वेदाचा कैवार घेणारे एखादे आजोबा रागावून म्हणतील, ‘चरकाहून तुम्ही शहाणे काय?’ बरे झाले, चरकांचे नाव त्यांनीच काढले! चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, झोपेचा विचार आहे. झोप उडालेल्याने काय करावे, याची तेथे सरळ यादी दिली आहे. अंगाला तेल लावावे. उटणे लावावे. स्नान करावे. भात, दही, दूध, तूप खावे, मांसरस घ्यावा, मद्यही सांगितले आहे, ते दुकानदार मुद्दाम सांगत नाहीत. मनाला सुख होईल असे करावे. आवडते सुगंध, आवडते स्वर यांच्या सहवासात असावे. अंग चेपून घ्यावे. डोळ्यांचे तर्पण करावे, डोक्याला, तोंडाला लेप करावा. अंथरूण सुखाचे असावे, घर सुखाचे असावे आणि वेळ योग्य असावी. झाली यादी! हिच्यात बाटली कोठे आहे? चूर्ण कोठे आहे? रोज दोन गोळ्या दुधाबरोबर, असे कोठे आहे?

याहूनही महत्त्वाचे असे की, त्याच ठिकाणी झोप जाण्याची कारणे सांगितली आहेत : काम, काळ, रोग, माणसाची प्रकृती आणि वायू. पहिला शब्द पाहा, काम! वाढते वय हे काळात आले, दुखणे हे रोगात आले. म्हणजे या ग्रंथाच्या मते वैद्याने झोपेचे औषध देण्याआधी विचारायचे : बाई, तुम्हाला काम किती पडते? आणि याच ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात असा इशारा आहे की, नीट योजले तर तीव्र विषही उत्तम औषध होते आणि वाईट योजले तर औषधही तीव्र विष होते. ‘वनस्पतीच ती, अपाय कसला?’ हे वाक्य चरकांपुढे कोणी उच्चारले असते, तर त्या ऋषीने त्याला आश्रमाबाहेर काढला असता.

तर, काम किती पडते? २०१९ साली सरकारने देशभर लोकांच्या वेळेची मोजणी केली. तिच्यात असे दिसले की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो; जे पुरुष ते काम करतात त्यांचा ९७ मिनिटांचा. सर्वांच्या आधी उठणारी आणि सर्वांच्या नंतर पाठ टेकणारी बाई ‘झोप लागत नाही’ म्हणते, तेव्हा तिला ब्राह्मीचे तेल आणून देणे फार स्वस्त पडते. तिच्या हातातली दोन कामे आपल्या हातात घेणे महाग पडते. म्हणून आपण तेल आणतो!

कारणे आणखीही असतात आणि ती शोधल्याशिवाय सापडत नाहीत. अंथरुणावर पडले की कुणाच्या पोटऱ्यांत अशी वळवळ सुटते की, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. यामागे पुष्कळदा शरीरातल्या लोहाची कमतरता असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले होते. या बाईला जटामांसी नको. रक्ताची तपासणी हवी. कोणी रात्रभर घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसभर पेंगतो. त्याला गुंगीचे औषध, मग ते मुळीचे असो की कारखान्याचे, घातक ठरू शकते. कोणी पहाटे तीन-चारला जागा होतो आणि अंधारात पडल्या पडल्या जगणे नकोसे वाटू लागते. त्याला माणसांची आणि मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे, काढ्याची नव्हे. कोणाला दर तासाला लघवीला उठावे लागते, त्याची साखर पाहायला हवी. आणि कोणी संध्याकाळी सहाला कडक चहाचे दोन कप घेतो. चहातली तरतरी देणारी कॅफीन निम्मी ओसरायलाच सुमारे पाच तास लागतात, हे त्याच्या गावी नसते. सहाचा चहा अकराला अर्धा शिल्लक! त्याच्या दुधात जायफळ घालणे म्हणजे एका हाताने दिवा पेटवून दुसऱ्या हाताने त्याला वारा घालणे.

‘बरे, हे नको, ते नको, मग करायचे तरी काय?’ असे वाचक विचारतील आणि त्यांचा तो हक्कच आहे. महिनोन्‌महिने टिकलेल्या निद्रानाशावर पहिला उपाय कोणता, याबद्दल आज वैद्यकात बऱ्यापैकी एकमत आहे. अमेरिकेतल्या वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली आणि युरोपातल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ साली तोच सांगितला, आणि तो औषध नव्हे. सवयी आणि विचार बदलण्याची ती शिस्तबद्ध उपचारपद्धती आहे. ती शिकवणारा तज्ज्ञ मिळाला तर उत्तमच. पण तिचा गाभा अगदी घरगुती आहे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचे, रविवारीसुद्धा. झोप आल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावायची नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर तळमळत न पडता उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी निवांत करायचे, पेंग आली की परतायचे. अंथरुणावर हिशेब, मोबाईल, भांडणे काही नाही, ते झोपेपुरतेच. दुपारची झोप आखडती घ्यायची. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस हा उपाय छळतो. फळ पुढे मिळते, आणि उपचार संपल्यावरही टिकते. त्याच २०१७ साली अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने व्हॅलेरियनविषयीही, म्हणजे आपल्या तगराच्या परदेशी बहिणीविषयी, मत दिले : निद्रानाशावर ती वापरू नये. ती विषारी आहे म्हणून नव्हे. पुरेसा उपयोग दिसत नाही म्हणून.

या उपायात विकण्याजोगे काहीच नाही, ही त्याची एकच उणीव! ठरल्या वेळी उठण्याची बाटली भरता येत नाही, म्हणून तिची जाहिरात कोणी करीत नाही.

शेवटी एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत गोड आहे : ‘अहो, कोमट दूध घेऊन आमच्या आईंना बरे वाटते, त्यात तुमचे काय जाते?’ माझे काही जात नाही! जरूर द्या. दुधाच्या पेल्याबरोबर मुलगा दहा मिनिटे आईजवळ बसत असेल, तर त्या दहा मिनिटांचा गुण दुधाहून मोठा आहे आणि त्याला कोणताही अपाय नाही. माझा विरोध पेल्याला नाही. पेला टेकवून निघून जाण्याला आहे.

म्हणून यापुढे कोणी बाटली पुढे केली, तर चार गोष्टी विचाराव्यात. हिच्यात नेमके काय आहे? मात्रा किती आणि किती दिवस? मी घेतो त्या रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉईडच्या गोळ्यांशी तिचे जमते काय? आणि माझी झोप का गेली, हे तुम्ही विचारलेत काय? या चारांची उत्तरे देणारा वैद्य असो की डॉक्टर, त्याचे औषध डोळे मिटून घ्यावे. न देणारा सख्खा मामा असला तरी त्याची बाटली नमस्कार करून परत करावी.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातला लहानमोठा प्रत्येक जण अंगाला तेल-उटणे लावून घेऊन ऊन पाण्याने नाहतो. चरकांच्या यादीतले पहिले तीन उपाय या एका पहाटे सर्वांना मिळतात. मिळत नाहीत ते बहुधा एकीलाच : जी त्या सर्वांच्या आधी उठून पाणी तापवते, तेल कोमट करते आणि रात्री उशिरापर्यंत चकल्या तळत बसलेली असते. यंदा तिला पाटावर बसवा, पाणी तुम्ही तापवा आणि दुपारी तिला कोणी हाक मारू नका. तिला झोप लागते की नाही ते पाहा. आणि मग सांगा, मुळी कोणती हवी ते.